सोळा निळी पानं

हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, हवालदाराला नाही, आणि ज्याचा डोळा गेला त्याला तर नाहीच. त्याला सांगायला एकदा गेलो होतो — पण ते शेवटी येईल. तुम्हाला सांगणं सोपं जातंय, कारण तुम्ही मला तोंडावर काही बोलू शकत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मी बाइंडर. जालन्याकडच्या टेंभुर्णीत बाजाराच्या रस्त्यावर, वाचनालयाच्या भिंतीला लागून माझं पत्र्याचं दुकान होतं. शाळेची हजेरीपत्रकं, घराघरातल्या पोथ्या, वाचनालयाची खिळखिळी झालेली पुस्तकं — सगळं माझ्याकडे यायचं. शिक्षण सातवी. पण हात चांगला होता, आणि त्या हाताचा मला गर्व होता. माझ्याकडून पुस्तक बिघडून गेलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं. गर्वापेक्षा राग जास्त. रागाच्या भरात मी दुकानातला आरसा फोडलेला आहे, चालू सायकल विहिरीत टाकलेली आहे आणि नंतर ती स्वतःच उतरून काढलेली आहे. लोक हसायचे. मलाही हसू यायचं — नंतर.

नव्वदच्या आसपास कधीतरी वाचनालयात ती कादंबरी आली. नाव सांगत नाही. गावात तरी तिला नावाने कोण ओळखत होतं? सगळे 'ठोकळा' म्हणायचे. नऊशेच्या वर पानं. कधीच नसलेल्या एका देशाची गोष्ट. त्याचे नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळी, तिथले देव, तिथले महिने, सगळं लेखकाने मनाने रचलेलं. पहिल्या शंभर पानांत साठ माणसं यायची आणि त्यातली चाळीस मरायची. मुंडकी उडायची, हत्तींचे पाय तोडले जायचे, जिवंत माणसं तटात चिणली जायची. असं काही आमच्याकडे कोणी वाचलेलं नव्हतं.

गावात सरळ दोन तट पडले. वाचनालयात एक अभिप्रायवही होती, एरवी तिच्यात वर्षाकाठी चार ओळी पडायच्या. ठोकळा आल्यावर दोन महिन्यांत वही भरली. एकाने लिहिलं, नुसती नावंच नावं, गोष्ट कुठाय? त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलं, ज्याला गोष्ट सापडली नाही त्याने डोळे तपासून घ्यावेत. तिसऱ्याने दुसऱ्याची ओळ खोडली. मग पान फाडलं गेलं. मग एका संध्याकाळी वाचनकक्षात खुर्ची फेकली गेली आणि कंपाउंडरच्या कपाळाला तीन टाके पडले. कंपाउंडर बिचारा मासिक चाळत होता, त्याने ठोकळ्याला हातही लावलेला नव्हता.

तुम्ही म्हणाल, पुस्तकावरून कोणी मारामाऱ्या करतं का? करतात. पण त्याला कारण आमची एक रीत होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वाचनालयात प्रत एक आणि वाचणारे वीस. म्हणून जाड पुस्तक आलं की ते उसवून त्याचे चार भाग पाडायचे, प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा चढवायचा, म्हणजे एका वेळी चौघांना वाचता येतं. हे काम माझं. आणि भाग क्रमानेच न्यायचा असा नियम कोणी केला नव्हता; फळीवर जो असेल तो न्यायचा. कोणी तिसऱ्यापासून सुरू करायचा, कोणी चौथ्यापासून. ज्याने चौथा आधी वाचला त्याच्यासाठी धाकटी राणी म्हणजे कैदाशीण, कारण त्यात ती सवतीच्या पोरांना विष घालते. ज्याने दुसरा आधी वाचला तो तिच्यासाठी रडलेला, कारण त्यात तिच्या बापाला तिच्यासमोर सोलतात. दोघंही पुस्तक वाचून बोलत होते. दोघंही खोटं बोलत नव्हते.

आता माझ्याकडे येतो. येतो — टाळत नाही.

पुस्तक उसवायला दिलं त्या दिवशी रंगनाथ गुरुजी, म्हणजे वाचनालयाचे सचिव, माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "दिगू, सांभाळून कर बाबा. जाणकारांचं पुस्तक आहे, तुला त्यातलं काय कळतंय." हसत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण ते गेले आणि माझं डोकं फिरलं. समोर खळीचा डबा होता — चिकटवायला आम्ही मैद्याची खळ शिजवतो, किडा लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतो, त्याने ती निळसर होते. मी त्या डब्याला लाथ घातली. डबा उडाला आणि ठोकळ्याच्या एका फर्म्यावर पालथा झाला. फर्मा म्हणजे एकत्र शिवलेल्या सोळा पानांची जुडी. अशा जुड्या शिवूनच पुस्तक होतं.

पानं धुऊन पत्र्यावर वाळवली. वाळली, पण पापडासारखी वेडीवाकडी, आणि निळी. अक्षरं मात्र सगळी वाचता येत होती. तशीच शिवली असती तर काय झालं असतं? गुरुजी चार शब्द बोलले असते. बस, एवढंच. पण माझ्या हातचं पुस्तक असं जाणार? मी ती जुडी गाळली. दुसऱ्या भागात चारशे बत्तीस पानानंतर एकदम चारशे एकोणपन्नास आलं, आणि विचारल्यावर मी सांगितलं, "छापखान्यातूनच तसं आलंय. होतं असं कधी कधी." गुरुजींनी विश्वास ठेवला. बाइंडर कशाला खोटं बोलेल?

आणि त्या सोळा पानांत काय होतं? गोष्टीत एक किल्ला आहे, त्याला एकामागे एक सात दरवाजे. शत्रूचा वेढा वर्षभर पडलेला, सहा दरवाजे पडलेले, सातवा तेवढा शाबूत. चारशे बत्तिसाव्या पानावर सगळे झोपी जातात. चारशे एकोणपन्नासाव्या पानावर सातवा दरवाजा सताड उघडा असतो, शत्रू आत शिरलेला असतो आणि किल्ल्यात कत्तल चालू असते. दरवाजा आतून कोणी उघडला — हे त्या सोळा पानांत होतं. पुढे लेखकाने पुन्हा त्याचा उल्लेखच केलेला नाही.

पुढे गावातला सगळा वाद या दरवाजावरच येऊन ठेपला. एक तट म्हणायचा, किल्ल्याच्या सेनापतीने. दुसरा म्हणायचा, धाकट्या राणीने. अख्ख्या गावात एकट्या मला माहीत होतं. ना सेनापती, ना राणी. दरवाजांच्या बिजागऱ्यांना तेल घालणारा एक म्हातारा असतो. पुस्तकात त्याला नावसुद्धा नाही. चाळीस वर्षं तेल घातलं आणि चाळीस वर्षांत कोणी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही, म्हणून एके रात्री तो अडसर काढतो. मी ती पानं तीनदा वाचली. म्हातारा मला फार आवडला, हेही सांगून टाकतो.

सेनापतीच्या बाजूने, म्हणजे तो निर्दोष आहे असं म्हणणाऱ्यांचा पुढारी होता युसुफभाई. समोरचा टेलर. घरात उर्दू, मराठी वाचायला तो मोठेपणी शिकला, रद्दीतल्या वर्तमानपत्रांवरून. ठोकळ्याचे चारही भाग त्याने दोनदा वाचले होते. कापड कापायच्या टेबलावर त्याने खडूने सातही दरवाजे काढलेले असायचे, आणि गिऱ्हाईक आलं की मोठ्या नाराजीने पुसून टाकायचा. दुसऱ्या तटाचा पुढारी कचरूभाऊ. जुना पहिलवान, शेती उत्तम, गळ्यात आवाज असा की दोन गल्ल्या ऐकाव्यात. आणि हे दोघं जिवलग दोस्त, वीस वर्षांचे. कचरूभाऊच्या लग्नाचा कोट युसुफभाईने शिवलेला, त्याच्या पोरींच्या बारशाची झबलीही त्यानेच. दुपारचा चहा एकाशिवाय दुसऱ्याने कधी घेतला नाही.

खुर्चीच्या प्रकरणानंतर वाचनालयात वाद घालायला बंदी झाली. मग सगळे माझ्या दुकानात जमू लागले. ज्या माणसाकडे कोणी मान वळवून पाहत नव्हतं त्याच्याकडे आता दुपारी दहा-दहा माणसं. मास्तर, शेतकरी, दुकानदार, तावातावाने बोलणारे. आणि मी मध्ये बसून सुई ओवतोय. मनात म्हणतोय, भांडा लेकांनो. तुम्हाला कोणालाच माहीत न्हाई.

ती चव होती. त्याला दुसरं नाव नाही.

म्हणून पुढचं केलं. गुरुजींनी प्रकाशकाला पत्र लिहिलं, गळालेला फर्मा पाठवा म्हणून. मी पुठ्ठा आणायला जालन्याला निघालो होतो. म्हणाले, तिथल्या पोस्टात टाक, लवकर जाईल. मी स्टँडवर बस लागेपर्यंत त्या कार्डाचे तुकडे केले. पकडला जाईन म्हणून का? छे. फर्मा आला असता तर वाद मिटला असता, आणि माझं दुकान पुन्हा रिकामं झालं असतं. तेच मला नको होतं.

अजून आहे. याहून वाईट आहे.

हळूहळू लोकांना कंटाळा यायला लागला. कापूस वेचणीला आला, जमणारे चार-पाच राहिले. कचरूभाऊसुद्धा एक दिवस म्हणाला, "जाऊ दे ना दिगू, युसुफचंच खरं असंल. मला तर आता त्या राणीचा चेहराबी आठवंना." झालं, संपत आलं होतं. त्याने तेव्हाच युसुफभाईला जाऊन हे सांगितलं असतं तर दोघं हसले असते. मी सुई खाली ठेवली. आणि सहज बोलावं तसं बोललो, "युसुफभाई तसंच म्हणत होता. म्हणे, पहिलवानाला पुस्तकातलं काय कळतंय."

युसुफभाई असं कधीच बोलला नव्हता. मला बोललं गेलेलं वाक्य मी त्याच्या तोंडात घातलं. मला ते किती लागलं होतं हे मला माहीत होतं, म्हणूनच निवडलं असणार. कचरूभाऊचा चेहरा उतरला. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे येऊन बसला. चहा नको म्हणाला. टेबलावरची दाभण उचलून बोटांत फिरवत राहिला — पुस्तकाला भोकं पाडायचं ते लांब, जाड सुईसारखं हत्यार. अशी चाळवाचाळव करायची त्याची सवयच होती. तेवढ्यात रस्ता ओलांडून युसुफभाई आला, काखेत तिसरा भाग, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्याला पुरावा सापडला होता.

"कचरूभाऊ, बिलकुल पक्कं झालं बघ," तो म्हणाला. "किल्ल्या सेनापतीकडं नव्हत्याच. इथं लिहून राह्यलाय बराबर. आता मान्य कर."

"मला पुस्तकातलं काय कळतंय," कचरूभाऊ म्हणाला. "सांग ना. तूच सांगतोस ना गावात?"

युसुफभाईला वाटलं, चेष्टा आहे. तो हसला. मोकळेपणाने, मान मागे टाकून हसला, आणि त्या हसण्याने घात केला.

कचरूभाऊने त्याची कॉलर धरली आणि त्याचं डोकं माझ्या दाबयंत्राच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. एकदा. पुन्हा. तो आवाज मला अजून ऐकू येतो. युसुफभाई काडीपैलवान, पण तोही माणूसच ना? त्याने हातातलं पुस्तक गच्च धरून कचरूभाऊच्या तोंडावर मारलं. पुठ्ठा मी बांधलेला, कोपरे कडक. ओठ फाटला, पुढचा दात पडला. रक्त पाहून कचरूभाऊ गुरासारखा ओरडला. दोघं टेबलासकट खाली आले. कचरूभाऊ वर, गुडघा त्याच्या छातीवर, बुक्क्या नाकावर, कानावर, गळ्यावर. युसुफभाई श्वास घेता घेता विचारत होता, "क्या हुआ? अरे हुआ क्या?" कचरूभाऊचा दुसरा हात वर गेला. त्या हातात दाभण होती. हातात दाभण आहे हे त्याच्या ध्यानात होतं का? मला वाटतं, नव्हतं. पण माझ्या होतं.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला वेळ होता, हेच सांगण्यासाठी एवढं लिहिलं. एक वाक्य बोलण्याएवढा वेळ होता. 'तो असं बोललाच न्हाई' — एवढे चार शब्द. मी बोललो नाही. ते बोललो असतो तर मी कोण हे दोघांनाही कळलं असतं.

हात खाली आला.

डोळ्याचं वर्णन मी करणार नाही. कचरूभाऊ बाजूला झाला आणि स्वतःच्या हाताकडे पाहत भिंतीला टेकून बसला, त्याला उलटी झाली. त्यानेच मग युसुफभाईला पाठकुळी घेतलं आणि जीपपर्यंत पळाला. जालन्याहून औरंगाबादला नेलं. डावा डोळा काढावा लागला.

हवालदार आला. दवाखान्यात युसुफभाईने सांगितलं होतं, दोस्तीतली झटापट झाली, पुस्तकावरून, चुकून लागलं. कचरूभाऊनेही तेच सांगितलं, पुस्तकावरून. कोणाचा विश्वास बसेना. पुस्तकावरून डोळा जातो? हवालदाराने मला विचारलं, "तू होतास ना? वाद कशाचा होता?" आता पुस्तकाचा वाद म्हटलं की गाळलेली पानं आली, पानं आली की मी आलो. मी म्हणालो, "मला माहीत न्हाई साहेब. मी आत खळ शिजवत होतो."

एकुलता एक साक्षीदार माहीत नाही म्हणतो, म्हणजे खरं कारण काहीतरी भलतंच असणार. त्या काळात हवाच वाईट होती. एक हिंदू आणि एक मुसलमान, रक्त सांडलेलं, कारण कोणी सांगेना. लोकांनी आपापलं कारण तयार केलं. कोणी जागेचं म्हणालं, कोणी बाईचं. आणि तिसऱ्या दिवशी, युसुफभाई दवाखान्यात पडलेला असताना, पंधरा-वीस जणांनी त्याच्या दुकानाचं शटर फोडलं. शिलाईचं मशीन रस्त्यावर आणून घणाने फोडलं. लोकांचे शिवायला आलेले कपडे ओढून काढले आणि पेटवले. कचरूभाऊ ओरडत आला, आडवा उभा राहिला, "आरं मी मारलंय त्याला, मला मारा, दुकान कशापायी जाळता," म्हणत राहिला. त्याच्याच भावकीतल्या कोणीतरी फेकलेला दगड त्याच्या कपाळावर बसला आणि तो तिथेच पडला. मी माझ्या दारात उभा होतो. खडूने काढलेल्या सात दरवाजांचं ते टेबल जळताना मी पाहिलं. ती सोळा पानं माझ्या मागे, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याखाली होती.

युसुफभाई बायकापोरांसह जालन्याला गेला तो परत आला नाही. कचरूभाऊ त्याला तोंड दाखवू शकला नाही. पुढे आठ-नऊ वर्षांनी तो वारला. तोपर्यंत माझ्या दुकानावरून जाताना तो मान खाली घालून जायचा. त्याला वाटायचं, दोष सगळा आपलाच. मी रोज त्याला जाताना पाहायचो. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं, नाही का?

कचरूभाऊ गेल्यावर मात्र मला झोप येईना. मी ती पानं पिशवीत घातली आणि जालन्याला गेलो. सगळं सांगायचं, पानं पुढे ठेवायची आणि तो काय करेल ते सोसायचं, असं ठरवून गेलो होतो. युसुफभाई मुलाच्या दुकानात एका स्टुलावर बसलेला होता. दाढी पांढरी. एका डोळ्याने टेलरकाम होत नाही, तो नुसती बटणं लावत होता, तीही चाचपून. मला आवाजावरून ओळखलं. उठून मिठी मारली. चहा मागवला. कचरूभाऊची बातमी त्याला कळली होती. "मिट्टीला यायचं होतं रे," म्हणाला, "पर मला वाटलं, लोक काय म्हणतील." आणखी एक बटण लावलं.

मग म्हणाला, "दिगूभाऊ, तो फर्मा आल्ता का रे कधी?"

मी म्हणालो, न्हाई.

"मी लई शोधलं. दुसरी प्रत मिळंना, छापणं बंद झालं म्हणतात. आता मला वाचताबी येत न्हाई, हा डोळाबी दुखतो. पर कोणी वाचून दाखवलं असतं तर ऐकलं असतं." बटणाची सुई त्याने कापडात टोचून ठेवली. "मी नेहमी विचार करून राह्यतो. कचरूभाऊचं बराबर असंल तर मी उगाच हसलो त्याच्यावर. तुला काय वाटतं? कोणी उघडला असंल दरवाजा?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. माझा हात पिशवीत होता, बोटांना पानांच्या वाकड्या कडा लागत होत्या.

मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतंय, युसुफभाई. मी आपला बाइंडर."

तो हसला. म्हणाला, खरंय. मी चहा संपवला आणि टेंभुर्णीच्या बसमध्ये बसलो.